न्यायासन आणि सत्ता

आपल्या सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची 1629 साली देवगिरीस भर दरबारात हत्या झाली. हुकूम खुद्द निजामशहाचा. दाद मागावी कोणाकडे?

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा मात्र न्यायासनावर माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे होते. त्यांनी चौकशी केली, गादीवर बसलेल्या रघुनाथरावांसच दोषी ठरविले आणि पद त्यागून पुणे सोडले. पुढे यादवीत बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर ते न्यायासनावर परतले.

परंतु शास्त्रीबुवांचे गुणगान करताना एक गोष्ट विसरू नये. रघुनाथरावांस देहदंड झाला नाही. 1783 साली ते कोपरगावी वारले. निःस्पृह न्यायाधीश लाभणे हे भाग्य. त्याच्या निवाड्यामागे बळ उभे करणे हे लोकांचे कर्तव्य आहे.