झाकणाला हात लावू नका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू गॅरेजवाला, गाड्यांवर दहा मिनिटं बोल." शाळेत मला दहा-दहा मिनिटं उभं करायचे, पण ते बोलण्यासाठी नव्हे. त्यामुळे जरा अवघडलोय.

मघाशी मैदानातल्या गाड्या बघून आलो. निम्म्याहून जास्त मुंबई, पुणे आणि कोल्हापूरच्या आहेत. उद्या दुपारी मे महिन्याच्या उन्हात, मागे आंब्याच्या पेट्या आणि आत पाच-सहा माणसं घेऊन तुम्ही घाट चढणार. म्हणून मी विषय निवडला: इंजिन तापलं तर काय करायचं, आणि त्याआधी काय करायचं नाही.

वर्गात असताना तुम्ही मला हाफ शर्टात पाहिलंय. त्यानंतर फारसं कुणी पाहिलं नसेल. आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर बाही वर करतो. हा डाग कोपरापासून मनगटापर्यंत आहे. दहावीनंतर दोन वर्षांनी पडला. मी तेव्हा गॅरेजात शिकाऊ होतो. मिरकरवाड्यातून मासळीचा टेम्पो कोल्हापूरला निघाला होता. इंजिन कुरकुरत होतं म्हणून मलाही बसवलं. साखरपा सोडलं, आंबा घाटाची चढण लागली आणि काटा लाल खुणेला टेकला. मागे बर्फ वितळत होता, चालक घड्याळ बघत होता. मी फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. त्याच क्षणी चालकाने हाक मारली म्हणून मी मान वळवली. तेवढ्यामुळे डोळे वाचले, हात गेला.

पुढचं ऐका. घाईघाईत आम्ही तापलेल्या इंजिनात कॅनमधलं गार पाणी ओतलं. हेडला तडा गेला. टेम्पो ओढून आणावा लागला आणि मासळी फुकट गेली ती गेलीच. अर्धा तास वाचवायला गेलो आणि सगळंच घालवून बसलो.

असं का झालं, ते आपल्या विज्ञानाच्या सरांनी नववीतच शिकवलं होतं. सर समोर बसलेत, म्हणून जपून सांगतो. "डोंगरावर डाळ लवकर का शिजत नाही?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "सर, तिथे लाकडं ओली असतात." वर्ग हसला होता. सर, आज बरोबर उत्तर देतो. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं आणि दाब वाढवला की जास्त तापमानाला. आपल्याकडे समुद्रकिनारी ते १०० अंशांना उकळतं. गाडीचं झाकण आतला दाब धरून ठेवतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो या दाबाचा. त्यामुळे आतलं पाणी ११० अंशांवर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब गेला, आणि त्यातलं काही पाणी त्याच क्षणी वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. शिटी न काढता कुकर उघडल्यासारखंच आहे ते. नव्या गाड्यांत हे झाकण बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या टाकीवरच असतं. तेही उघडायचं नाही.

आता रस्त्यावर काय करायचं ते सांगतो.

काटा वर सरकायला लागला, पण वाफ नाही, तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षा वाटेल, पण तो इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. हीटरमधून गार हवा आली आणि काटा मात्र वर असेल, तर समजा की कूलंट कमी झालंय किंवा फिरत नाहीये.

काटा लालमध्ये गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर वळण सोडून सुरक्षित जागी गाडी घ्या आणि इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, चारी इंडिकेटर लावा, माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा. वाफ थांबेपर्यंत बॉनेटला हात नको. काळा धूर किंवा जळका वास असेल तर बॉनेट उघडूच नका, लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. वाफ येत असताना काटा अचानक खाली आला, तर इंजिन गार झालं असं समजू नका. पाणीच संपलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा खोटं बोलतो.

मग किमान अर्धा-पाऊण तास थांबा. या वेळात डोळे, नाक आणि कान वापरा. आपले तांडेल हेच करतात. बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर गार होतं. खालच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली की बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक होते. तांडेल आधी कठड्यावरून वाकून धार बघतो, मग इंजिनाकडे वळतो. गाडीतही तसंच. खाली पाणी टपकतंय का? होज पाइप फुगलाय किंवा चिरलाय का? पट्टा तुटलाय का? टाकी पारदर्शक असते, पातळी बाहेरूनच दिसते. गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. पंख्याजवळ मात्र बोटं, ओढणी, बाही नेऊ नका. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

आणि तुमच्या मेकॅनिकला हे सांगा: गाडी कधी तापली? फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल आणि वेगात ठीक असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले बघावा लागेल. चढावर किंवा वेगात तापत असेल, तर कूलंट, रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप. ऑइलची कांडी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसेल, तर हेड गॅस्केटचा संशय. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या. एवढं नीट सांगितलंत की निम्मं निदान तुम्हीच केलंत.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकणावर जाड फडकं ठेवून अगदी थोडं फिरवा. फुस्स आवाज आला तर हात काढा, अजून थांबा. नंतर थोडं थोडं कूलंट घाला. नसेल तर वेळेपुरतं प्यायचं पाणी चालेल. खारं पाणी चालणार नाही, हे मिरकरवाडकरांना सांगायला नको. पाणी घातल्यावरही थेट घरी नको, जवळच्या गॅरेजला दाखवा.

आणि कुणी भाजलंच, तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. मग दवाखाना. मला त्या दिवशी कुणीतरी हातावर ऑइल लावलं होतं.

१ जून ते ३१ जुलै आपली मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, इंजिनं खोलली जातात. ती कामं मी दरवर्षी करतो. येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पान्हा देण्याआधी मी हा हात दाखवतो. आजवर माझ्याकडे कुणी भाजलेलं नाही.

शेवटी एक विनंती. उद्या सकाळी निघण्यापूर्वी ज्यांना गाडी दाखवायची आहे, त्यांनी ती आज रात्रीच गॅरेजसमोर आणून लावा. पैसे नकोत, चहाही माझ्याकडे. रात्रीच आणा म्हणतो, कारण सकाळी मला ती गार हवी आहे.