आपल्या भाताचा, आपल्या कामाचा सिनेमा

 

आज सिनेमाविषयी बोलते. हिरो-हिरोईनचा नव्हे, वेगळा प्रयोग म्हणून काढलेला.

जपानमध्ये शिन्सुके ओगावा नावाचे दिग्दर्शक होते. नरिता विमानतळाला जमीन द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांत राहून त्यांनी सिनेमे काढले. पुढे ते साथीदारांसह मागिनो या गावी राहायला गेले आणि स्वतः भातशेती करू लागले, दहा वर्षांहून जास्त! भाताचं फूल जेमतेम तासभर उघडं असतं. दरवर्षी आपण फुलोऱ्यातल्या भातात उभ्या असतो, पण ते उमलताना कितीजणींनी पाहिलंय? त्यांनी ते पडदाभर मोठं करून दाखवलं. गावाच्या जुन्या गोष्टी गावकऱ्यांनीच कॅमेऱ्यापुढे करून दाखवल्या. सिनेमा साडेतीन तासांच्या वर आहे. अर्ध्याजणी पेंगतील, हे खरं.

असं काम मराठीतही झालंय. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींनी 1980 साली ‘युगांतर’ हा गट काढला. 1981 मध्ये त्यांनी पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायांवर ‘मोलकरीण’ केला. 1982 मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर केला, तेव्हा आधी चार महिने त्यांच्यात राहून सगळं ऐकून घेतलं. संघटना कशी उभी राहिली, संप कसा झाला, ते बायांनीच सांगितलं. काही प्रसंग पुन्हा करून दाखवले. सिनेमा अवघा पंचवीस मिनिटांचा.

आणि आपल्याकडे? मागे एक पाहुणे व्हिडिओ काढायला आले होते. नव्या साड्या नेसा, पापड हातात धरा, ‘आता मी स्वावलंबी झाले’ म्हणा. अर्ध्या तासात गाडी परत. कल्याणच्या बाजारात व्यापारी पापडाला काय भाव देतो, हप्ता कुठून भरतो, हे कुणी विचारलंच नाही. तो व्हिडिओ आम्हाला दाखवलाही नाही.

म्हणून भाद्रपदात भात फुलेल तेव्हा प्रत्येक गटाने आपला व्हिडिओ काढायचा. काय सांगायचं ते बैठकीत ठरवा. ज्या ताईचा चेहरा दिसणार तिला आधी विचारा. पुढे पाठवण्याआधी सगळ्याजणींनी एकत्र बसून बघा. एकजण जरी ‘हे काढा’ म्हणाली तरी काढून टाका. सासूबाईंना बोलतं करा, त्यांना बियाण्यांची जुनी नावं ठाऊक असतात.

ज्या गटात चांगला मोबाइल नाही त्यांनी कळवा. आमच्या गटातला आठवडाभर देऊ, चार्जरसकट.