रडल्याने मन हलके होते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फळ्यावर आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकजणी हसल्या. त्यात शिकण्यासारखे काय आहे, रडणे तर जन्मतःच येते, असेही कुणी म्हणाले. पण तेही पुरते खरे नाही. नुकते जन्मलेले मूल टाहो फोडते खरे, परंतु डोळ्यांतून पाणी वाहू लागायला काही आठवडे जावे लागतात.

अमेरिकेतील विल्यम फ्रे या शास्त्रज्ञांनी लोकांना करुण चित्रपट दाखवून त्यांचे अश्रू काचेच्या नळ्यांत जमा केले. कांद्याच्या झोंबीने आलेले पाणीही घेतले. दुःखाच्या अश्रूंत प्रथिने अधिक निघाली, असे त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. मनस्तापाने शरीरात साठलेली द्रव्ये अश्रूंवाटे बाहेर पडत असावीत, असा त्यांचा तर्क. तर्क मोठा गोड, पण अजून सिद्ध झालेला नाही. चार थेंबांतून असे कितीसे वाहून जाणार? शिवाय त्यांतले काही नाकातच उतरते. रडताना पदर नाकाला लावावा लागतो तो म्हणूनच.

पुढे त्यांनी ३३१ जणांना महिनाभर रडण्याची टिपणे ठेवायला सांगितली. बायका सरासरी पाच वेळा रडल्या, पुरुष दीड वेळाही नाही. (पुरुषांनी सगळे लिहिले असेल का, ही माझी शंका!) शंभरातल्या पंचाऐंशी बायकांनी रडल्यावर बरे वाटते असे सांगितले.

मात्र नेदरलंड्समधील टिलबर्गच्या विद्यापीठात २०१५ साली साठ जणांना असेच चित्रपट दाखवले, तेव्हा रडलेल्यांना लगेच बरे वाटले नाही, उलट मन अधिकच खिन्न झाले. वीस मिनिटांनी ते पूर्ववत झाले आणि दीड तासाने आधीपेक्षाही बरे. २००८ साली तीन हजारांहून अधिक रडण्यांच्या हकिकती तपासल्या गेल्या. सुमारे एक तृतीयांश जणांना काहीच फरक वाटला नव्हता, दहातल्या एकाला तर अधिकच वाईट वाटले होते. ज्यांना जवळ कुणाचा आधार होता, त्यांना बरे वाटण्याचा संभव अधिक.

हे वाचले आणि मला माझी धाकटी बहीण गेली तेव्हाचे दिवस आठवले. मला रडूच फुटेना. ‘हिला रडवा गं, नाहीतर दुःख छातीत बसेल,’ म्हणून बायकांनी तिची साडी माझ्यापुढे आणून ठेवली. मी रडले, ते त्यांच्यासाठी. डोके तेवढे दुखू लागले.

तेरावे झाल्यावर शेजारच्या काकू आल्या. मी तांदूळ निवडीत होते, त्याही सुपाशी बसल्या. बराच वेळ कुणी बोलले नाही. आणि एकाएकी मला हुंदका फुटला. काकूंनी ‘रड’ म्हटले नाही, ‘रडू नकोस’ही म्हटले नाही. एक हात माझ्या पाठीवर ठेवला, दुसऱ्याने खडे वेचीत राहिल्या. त्या रात्री मला कित्येक दिवसांनी झोप लागली.

सूपभर तांदूळ त्यांनी एकटीनेच निवडले होते.