सुटीतील एक प्रश्न



मे महिन्यात एका खेड्यातील प्राथमिक शिक्षक पत्नी व दोन मुलांसह महाबळेश्वरास निघाले. वाई सोडून गाडी पसरणीचा घाट चढू लागली, तसतशी हवा गार होत गेली. धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, आपण वर सूर्याजवळ चाललो, मग उकाडा कमी कसा?"

शिक्षक क्षणभर निरुत्तर झाले. हाच प्रश्न गतवर्षी चौथीच्या वर्गात एका मेंढपाळाच्या मुलाने विचारला होता. त्याला "खाली बस" एवढेच उत्तर मिळाले होते.

मुक्कामी पोहोचल्यावर त्यांनी मुलांना उन्हातील जांभ्या दगडावर हात ठेवावयास सांगितले. दगड तापलेला, भोवतालची हवा मात्र थंड. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर. त्यापुढे महाबळेश्वरची सुमारे १३५० मीटर उंची ती काय! ऊन प्रथम जमिनीस तापविते व जमीन हवेस. तापलेली हवा वर चढते, प्रसरण पावते आणि निवते. म्हणून दर १००० मीटर उंचीस तपमान सरासरीने सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस उतरते.

जूनमध्ये शाळा उघडली. शिक्षकांनी त्या मुलाला जवळ बोलावून सर्वांसमक्ष सांगितले, "तुझा प्रश्न योग्य होता. उत्तर मलाच देता आले नव्हते." मग सारा वर्ग अंगणातील तापलेल्या दगडाभोवती जमला.

थंड हवेचे ठिकाण प्रत्येक मुलाच्या वाट्यास येत नाही. तेथून शिक्षकाने आणलेले उत्तर मात्र प्रत्येकाच्या वाट्यास यावे.