जुन्या बंदुकीचें लांकूड

पुण्यास जुन्या शस्त्रांचें कौतुक नवें नाहीं. शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत दिवे व अडकित्ते यांच्याबरोबर शस्त्रेंही मांडलेलीं आहेत. आणि ज्या खडकीस ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची व कंपनीची लढाई झाली, तेथेंच १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. अशा नगरांत जुनी लष्करी रायफल पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम नळीकडे जाते. लांकडाकडे सहसा कोणी पाहत नाहीं, आणि हौशी हातांनीं नासधूस होते ती बहुधा लांकडाचीच.

ली-एन्फील्डचें उदाहरण घ्यावें. १९०७ च्या नमुन्याची ही रायफल हिंदी सैन्यानें दोन्ही महायुद्धांत वापरली. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांतही ती तयार होई. तिच्या अक्रोडी दस्त्याला मुळांत चकाकी नव्हतीच. जवसाचें कच्चें तेल लांकडांत मुरवीत आणि पुढें शिपाई तेंच तळहातानें चोळून जिरवी. त्यानें येणारा रंग गडद, तांबूस व मंद असतो. मागाहून कोणी त्यावर लाखेचें पॉलिश चढवितो, किंवा कांचकागदानें घासून तिला ‘नवी’ करतो. पहिला अपराध क्षम्य आहे. पॉलिश उतरवितां येतें. दुसऱ्यास मात्र उपाय नाहीं. दस्त्यावर कारखान्याचे व तपासनिसाचे ठसे असतात, ते कांचकागदाच्या चार हातांत पुसले जातात. शिवाय लांकूड झिजून पितळी पट्टीच्या खालीं उतरतें. जाणत्याला ही एकच खूण पुरते.

परवाना आहे आणि बार भरलेला नाहीं, याची खातरी झाल्यावरच कामास हात घालावा. आडबाजूस कापसाच्या बोळ्यानें स्पिरिट लावून पाहावें. थर चिकट होऊन सुटला तर तो लाखेचा. मग मऊ फडक्यानें थोडा थोडा भाग पुसून काढावा. खरवडूं नये. दबून खांच पडली असेल तेथें ओलें फडकें ठेवून गरम इस्त्री टेकवावी. वाफेनें दबलेले तंतु फुगून वर येतात. तुटलेले तंतु मात्र येत नाहींत, तेथें खांच तशीच राहूं द्यावी. लोखंडाला लावलेलें खनिज तेल लांकडांत उतरून काळे डाग पडतात. त्यांवर खडूची भुकटी थापली असतां तेल बरेंचसें शोषलें जातें.

यानंतर जवसाचें तेल. तें अगदीं थोडें घ्यावें, तळहात तापेपर्यंत चोळावें, उरलेलें पुसून टाकावें, आणि दुसरा हात कांहीं दिवसांनीं द्यावा. हें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. हवेंतला प्राणवायु घेऊन घट्ट होतें. म्हणून जाड थर चिकटच राहतो. याच क्रियेंत उष्णता निघते, आणि तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यांत पडला तर आपोआप पेट घेऊं शकतो. फडकीं पसरून वाळवावींत किंवा पाण्यांत बुडवावींत. घरांत हाताशीं आहे म्हणून खोबरेल लावणें व्यर्थ, कारण तें वाळतच नाहीं. पुण्याच्या पावसाळ्यांतही हें काम रेंगाळतें. त्याला पाऊस सरल्यावरची कोरडी हवा बरी.

खंडेनवमीस पूजा करावयाची असेल तर गंध व हळदकुंकू शस्त्राशेजारील पाटावर वाहावें. लांकडाच्या रंध्रांत गेलेलें कुंकू सहज निघत नाहीं. कांहीं दस्त्यांवर पलटणीची खूण कोरलेली लहान पितळी चकती असते. देवघरांतल्या समईप्रमाणें ती चिंचेनें लखलखीत करण्याचा मोह घरांतील वडील मंडळींनीं आवरावा. तिच्यावरचीं अक्षरें फार उथळ असतात.