शुक्रावर नाव, लोणारला मज्जाव
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मी समाजकार्य शिकलेली. दगडधोंड्यांशी माझा संबंध गेल्या वर्षी आला. आमच्या सल्ला केंद्रावर भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. लोणारची अभ्याससहल, तीन मुक्काम. वडील पाठवेनात. ‘दगड बघायला रात्री बाहेर कशाला?’ सहल बुडाली की अहवाल नाही आणि अहवाल नाही तर गुण नाहीत.

तिच्यामुळे मी वाचायला लागले. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने आपल्या काळ्या पाषाणात, बेसॉल्टमध्ये झालेलं. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. मंगळाची जमीनही बरीचशी बेसॉल्टचीच. म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात. परग्रहावर जाता येत नाही, तेव्हा तिथली जमीन वाचायची तर आधी इथली पायाखाली घालावी लागते. सहल ही चैन नव्हे.

ब्राझीलची रोझाली लोपेस १९७५ मध्ये खगोलशास्त्र शिकायला लंडनला गेली. पुढे ती ज्वालामुखींकडे वळली. सिसिलीच्या एटनावर हिंडली, पृथ्वी आणि मंगळावरच्या ज्वालामुखींची तुलना करून १९८६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग अमेरिकेत, नासाच्या प्रयोगशाळेत, गॅलिलिओ यानाने टिपलेल्या उष्णतेच्या खुणांवरून तिने गुरूच्या आयो या चंद्रावरचे ७१ जागृत ज्वालामुखी शोधले. एटनावर जायला तिला कुणी अडवलं असतं तर?

शुक्राची गोष्ट तर आपलीच. तो ढगांनी झाकलेला, म्हणून मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारने त्याचा नकाशा केला. तिथल्या मोठ्या विवरांना नामवंत स्त्रियांची नावं देतात. एक विवर ‘जोशी’, म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाई. एक ‘मेधावी’, म्हणजे पंडिता रमाबाई. अभिमान वाटला. (मेधावी हे नवऱ्याचं आडनाव, हेही लक्षात आलंच!) पण शुक्रावर बाईचं नाव चालतं आणि लोणारला मुलीचा मुक्काम चालत नाही?

वडिलांकडे आम्ही तीनदा गेलो. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. मुली कुठे झोपणार, सोबत बाई कोण, याचं उत्तर महाविद्यालयाकडेही नव्हतं. विभागप्रमुखांनी ते आम्हालाच विचारलं! त्या वर्षी ती गेली नाही.

यंदाची सहल डिसेंबरात आहे. मुलींच्या राहण्याची सोय आणि सोबत शिक्षिका, दोन्ही आम्ही लेखी मागितलं आहे. आता मुलगी एकटी नाही, सहाजणी आहेत. बुलढाण्याकडच्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत ना? जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. सहाजणींची तीन रात्रींची सोय तुमच्या ओळखीत कुठे होईल, ते आजच ठरवू.