दाखल्यावरचे टक्के

आज कायद्याची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

मी हाडांचा डॉक्टर. कोर्टात जातो तो साक्षीदार म्हणून, मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे अपंगत्वाचा दाखला शाबीत करायला. तिथे येता-जाता मनात जे साठलं, तेच आज बोलणार आहे.

मांडीचं हाड मोडून रॉड टाकलेला एक तरुण गवंडी माझ्याकडे यायचा. हाड छान जुळलं होतं, गुडघा मात्र आखडत चालला होता. व्यायामाला का जात नाहीस म्हणून रागावलो, तेव्हा हळूच म्हणाला, "डॉक्टर, व्यायाम केला तर टक्के कमी होतील ना?" अपंगत्वाचे टक्के जास्त तर भरपाई जास्त, तेव्हा दाखला हातात पडेपर्यंत दम धर, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने गुडघा मोकळा करण्याचे असतात. ते हातचे गेले की सांधा सहजी पूर्वीसारखा होत नाही, आणि उकिडवं बसता आलं नाही तर गवंडीकाम कसं करायचं?

वकील आला की पेशंटचं दुखणं लांबतं, असं आम्हा डॉक्टरांतले अनेक जण म्हणतात. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचं उदाहरण देतात. तिथे १ जानेवारी १९९५ पासून चूक कुणाची हे न पाहता भरपाई देणारी पद्धत आली आणि वेदनेपोटी मिळणारी भरपाई बंद झाली. तिथल्या एका अभ्यासानुसार, मानेला हिसका बसलेल्यांचे निम्मे दावे मिटायला आधी ४३३ दिवस लागायचे, नंतर सुमारे २०० लागू लागले. वकील असलेले दावे जास्त रेंगाळले. ज्यांचं दुखणं कमी, त्यांचे दावे लवकर मिटले, हेही त्यात दिसलं.

तरीही यावरून वकिलाला दोष देणं मला पटत नाही. ज्याचं दुखणं हटत नाही, ज्याला विमा कंपनी दाद देत नाही, तोच वकिलाचं दार ठोठावतो. आणि आपल्याकडे एका गवंड्याने विमा कंपनीच्या वकिलापुढे एकट्याने उभं राहावं, असं कोण म्हणेल?

मला ऑस्ट्रेलियातला २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. इस्पितळात दाखल झालेल्या जखमींना सहा वर्षांनी विचारलं, की दाव्यात त्रास कशाचा झाला? आपण नेमकं काय करायचं ते कळत नव्हतं, वेळ फार गेला, पुन्हा पुन्हा डॉक्टरी तपासण्या झाल्या, अशी उत्तरं आली. ज्यांना हा ताण जास्त झाला, त्यांच्यात नैराश्य, चिंता आणि अपंगत्वही जास्त आढळलं. तारखा तुमच्या हातात नसतील, पण अशिलाला समजावून सांगणं पूर्णपणे तुमच्याच हातात आहे.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही वाचला असेल. दाखल्यावरचे टक्के म्हणजे कमाईतली घट नव्हे, हे तिथे स्पष्ट केलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची जवळजवळ सगळी कमाई बुडू शकते; सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तेव्हा साक्षीत आम्हाला नुसते टक्के विचारू नका. हा माणूस शिडी चढेल का, घमेलं उचलेल का, ते विचारा. प्रवासखर्च आणि सकस आहारही भरपाईत धरायला त्या निकालाने सांगितलंय. व्यायामाची पावती, रिक्षाचं भाडं पहिल्या दिवसापासून जपून ठेवायला सांगा. २०२५ पासून केंद्राची अपघातग्रस्तांसाठी दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची योजना आहे, पण ती सात दिवसांपुरती. गुडघ्याचा खरा व्यायाम त्यानंतरही कित्येक आठवडे चालतो, आणि पैशांअभावी नेमका तोच सुटतो.

बरा झालेला अशील कधी कधी कमी रक्कम घेऊन जाईल. हे त्याला समोर बसवून सांगा, आणि तरीही व्यायामाला पाठवा. हा सल्ला मोकळ्या मनाने द्यायचा तर तुमची फी त्याच्या रकमेच्या टक्क्यांत असता कामा नये. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे, आणि ती पाळायला पहिल्या वकीलपत्रापासून सुरुवात करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.